खडूच्या रेघा

माझं डोकं उजवीकडूनच उठतं.
आधी डोळ्याच्या कडेला नागमोडी झगमग,
जरीच्या काठावर ऊन पडावं तशी.
मग सुईचं नेढं दिसत नाही,
मग समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातली निळी ठिणगी
थेट कवटीत टाका घालते.

उदगीरच्या वैशाखात, लग्नसराईत,
बावीस ब्लाउज खुंटीवर लोंबत असताना
कुणाला सांगायची अर्धशिशी?
पोराला पाठवायचं बिरादारांच्या मेडिकलात.
"आईची गोळी द्या."
पाकिटावरचं नाव कधी वाचलं नाही.
आईची गोळी, हेच तिचं नाव.

सकाळी एक, कोऱ्या चहावर, उपाशी.
दुपारी एक.
नाक वाहत होतं म्हणून सुगराबीनं दिलेली
सर्दीची लाल गोळी, ती वरून.
आणि उद्या दुखू नये म्हणून
आज झोपताना अर्धी.

एके दिवशी पोरगा हात हलवत आला.
"तुलाच बोलावलंय."
काउंटरवर अप्पा नव्हते, त्यांची गंगोत्री होती,
लातूरला फार्मसी शिकून नुकतीच आलेली.
जिच्या पहिल्या परकराचं माप मी घेतलं
ती मला विचारते,
"काकू, महिन्यात किती दिवस घेतल्या?"

"तुझ्या वडलानं कधी इचारलं न्हाई," मी म्हणाले.
ती काही बोलली नाही.
लाल गोळीचं ऐकलं तसं
दोन्ही पाकिटं पालथी करून समोर ठेवली.
बारीक अक्षरात, दोन्हीवर, एकच औषध.
"नावं दोन, माल एक. जास्त झालं की लिव्हर सोसतं."
ते मला लगेच कळलं.
एकाच ताग्यातलं कापड दोन नावांनी विकणं
आमच्या बाजारात रोज चालतं.

घरी बटणांच्या डब्यात
रिकाम्या पाकिटांची चांदी साठलेली,
पोरी चांदण्या कातरतील म्हणून ठेवलेली.
फरशीवर ओतली. फुटलेले फुगे मोजले.
त्रेचाळीसला थांबले.
अगं माय!
अख्ख्या गल्लीची छाती-कंबर पाव इंचापर्यंत मोजणारी मी,
टेप गळ्यात घालूनच झोपणारी.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं बीपी पाहिलं,
पाकिटं पाहिली, म्हणाली,
"आता हे दुखणं अर्धशिशीचं थोडं, गोळ्यांचंच जास्त."
ज्या दोऱ्यानं शिवलं
त्यानंच उसवावं?
उठताना पुन्हा थांबवून म्हणाली,
"कधी नव्हे असं एकदम डोकं फुटायला लागलं,
जीभ जड झाली,
तर गोळी शोधू नका, रिक्षा शोधा."

त्यानंतरच्या दोन आठवड्यांचं
मी फारसं सांगत नाही.
खिडकीला घोंगडी, कपाळाला ओला पंचा,
न्हाणीत ओकाऱ्या.
सोनवळकरबाईंच्या ब्लाउजला बाह्या उलट्या लागल्या,
त्या अजून बोलत नाहीत.

आता मशिनमागच्या भिंतीवर
मार्किंगच्या खडूनं रेघ मारते,
ज्या दिवशी गोळी, त्या दिवशी रेघ.
आठवड्याला दोन, फार तर.
तिसऱ्या रेघेला हात अडखळतो,
नाही अडखळला तर गंगोत्री अडते.
झगमग दिसली की आधी भाकरीचा तुकडा,
मग घोटभर पाणी, मग गोळी, मग अंधार.
उद्याची आज नाही.
दुखतं अजून. उजवीकडूनच.
पण मधले दिवस आता रिकामे मिळतात,
धुतलेल्या मांजरपाटासारखे.

परवा सुगराबी दारात टेकली.
"मला तर गुडघ्यालाच लागतात, तुझ्यासारखं न्हाई."
"किती?" मी विचारलं.
ती बोटांवर मोजायला लागली.
एक हात संपला.
दुसरा संपत आला तशी
माझ्याकडं न बघता
भिंतीकडं बघायला लागली.

मी खडू पुढं केला.