बिनसाखरेचा

ऑक्टोबर. भांडुपला सातव्या मजल्यावर
ऊन दोनला ग्रिलमधून आत येतं
आणि साडेचारपर्यंत उठायचं नाव घेत नाही.
पापलेटच्या थर्माकोल खोक्यात पुदिना लावलाय.
वास गेला नाही अजून. पुदिन्याची तक्रार नाही.

खांदा धरलाय. डॉक्टर म्हणाले, हात वर, दहा वेळा.
मी वरच्या कुंडीला दहा वेळा पाणी घालते,
घोट घोट.
खाली सामंतांच्या चादरीवर थेंब पडतात.
त्या बोलत काही नाहीत, खिडकी तेवढी जोरात लावतात.

आइस्क्रीमच्या काड्यांवर झाडांची नावं लिहिली होती,
उन्हानं पुसली.
ओवा चुरडला की कळतो,
गवती चहा बोट कापून सांगतो.
पण अनंताची ही फांदी ज्यांनी दिली,
बी विंगमधल्या, डाव्या कानात यंत्र,
पुढे लेकीकडे विरारला गेल्या,
त्या?

काल साखर बघायला बोट टोचलं.
थेंब येईना. मुलगा बोट पिळत बसला,
आणि माझ्या तोंडून एकदम आलं,
चंद्रप्रभा पाठारे!
तो म्हणाला, कोण?

साखर एकशे ऐंशी.
अनंताला कळी नाही.
बुडाशी चहाचा चोथा घातलाय,
बिनसाखरेचा.