पाव सेकंद

मॅव्हिस, तुझी पहिली कॅसेट आली
तेव्हा भुसावळात पारा सत्तेचाळीसवर होता.
पोस्टानं पाकिटावर इतके शिक्के हाणलेले
की एक आत उमटला, तुझ्या फोटोच्या कपाळावर.
डोकं एका बाजूनं भादरलेलं, कानात सेफ्टी पिन.
इन्स्टिट्यूटच्या लाकडी जमिनीवर
पांढऱ्या मोज्यांत घसरणारी मेल-ड्रायव्हरची पोर
मी शोधत बसलो त्या चेहऱ्यात.

लावली. दोन मिनिटांत पहिलं गाणं संपलं.
पत्रा कापावा तसा गळा,
मागे ढोल नव्हे, हाणामारी.
रेडिओ न्यायला आलेले फालक मास्तर म्हणाले,
"स्पीड चुकला का भो? याले गानं म्हन्ता?"
मी स्पिरिटनं हेड पुसलं, पट्टा बदलला.
स्पीड बरोबर होता.

मग पत्रं. तिरक्या अक्षरातली, तोकडी.
बँड फुटला. गिटारवाल्यानं गाडी विकली,
आतल्या अँप्लिफायरसकट.
कंपनीच्या पत्रात 'दुर्दैवानं' हा शब्द दोनदा.
नंतर सहा वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी.
"इथं मशिनांपुढे ओरडून उपयोग नाही,
म्हणून हळू गायला शिकले."

दुसरी कॅसेट त्या हळू आवाजाची.
गुराख्यांची गाणी म्हणे, अमेरिकेकडची.
पण गुरं कुठंच नाहीत;
बंद गिरण्या, मोडलेलं लग्न, रात्रपाळीची बस.
तारेवरून पोलादी कांडी सरकते
आणि मला पंधरा बंगल्यामागचं यार्ड ऐकू येतं,
रात्री दोनला
मालगाडीचे डबे एकमेकांना लागत जातात
तो लांबत लांबत जाणारा आवाज.
तू म्हणशील, ते गिटार आहे. असेल.

किती लोक येतात, मी विचारलं.
"चाळीस. त्यातले सहा चुकून."
आमच्याकडे शेतात भरीत केलं
तरी याहून जास्त जमतात, मी कळवलं.
रागावली नाहीस. वांग्याचं बी मागवलंस.

दुकान आता पोराचं, मोबाइलच्या कव्हरांचं.
मागे एक टेप ठेवलाय, लसणाच्या पोत्याशेजारी.
परवा त्यानं फीत गिळली, तिसऱ्या गाण्यात.
चुरगळलेलं कापलं, टोकं जोडली.
गेलं ते अर्धं पेर, म्हणजे पाव सेकंद.
आता तू 'लोको' म्हणतेस
आणि एकदम पुढच्या ओळीत जातेस.
'शेड' माझ्याकडे, बामच्या रिकाम्या डबीत.

सून विचारत होती, फेकू का ही?
म्हटलं, राहू दे, एक शब्द आहे त्यात.
तिनं झाकण उघडलं,
वास घेतला,
ठेवून दिली.