इतर, नमूद करा

टॅबवर प्रश्न इंग्रजीत, खाली बारीक कन्नड,
उत्तरं मराठीत.
जांबोटीच्या पुढं रानात, निवगाळी,
ओढ्यावर नवा लोखंडी साकव.
लांबी बेचाळीस मीटर. खर्च फाइलीत.
परिणाम मोजायला मी.

जगाची सतरा ध्येयं, रंगीत चौकोनांत.
नऊ म्हणजे पायाभूत सुविधा. तीन, आरोग्य. चार, शाळा.
साहेब म्हणाले होते, जमतील तेवढे चौकोन भरा,
देणगीदारांना रंग आवडतात.

सोमाण्णा गावडा बोटं मोजत सांगतो,
दोन पावसाळे झाले, कुणाला खाटेवरून न्यावं लागलं नाही.
तीन.
मास्तर कोरड्या पँटीनं वर्गात येतात.
चार.
"आणि दरवर्षीचा लाकडी साकव बंद झाला," तो म्हणतो,
"मिरगाच्या आधी दोन्ही काठची माणसं यायची,
वासे तोडायला, वेल पिळायला,
दुपारी एकाच हंड्यातली आंबील.
आता कोण कशाला जमतंय?"
नकारात्मक परिणामांचा रकाना आहे,
पण तो ऑफिसातनंच शून्य भरून आलाय.

मग सातेरीअक्का.
तिची धाकटी बहीण पल्याड दिलेली.
"चार महिने आम्ही वरडून बोलायचो.
बाळंतीण सुटली, म्हस आटली, मीठ संपलं,
सगळं वरडून.
पाण्याचा आवाज मोठा गे,
लांब बोलणं पोचायचं नाही,
आखूड तेवढंच धाडायचं.
आई गेली तवा मी नुसतं 'आई' म्हटलं
आणि हात खाली सोडले."

आता?

"आता जातो की चालत. चा पितो.
निवांत बसलं की भांडण होतंय."
हसते.
"घसा बरा हाय मात्र."

घसा.
मी यादी वर-खाली सरकवते.
वाचलेला वेळ, मिनिटांत.
वाढलेलं उत्पन्न, टक्क्यांत.
इतर, नमूद करा. पन्नास अक्षरांत.

पाठवायला रेंज नाही.
पोरं हात दाखवतात: साकवावर, मधोमध,
जिथं फळीला निळा रंग सांडलाय.

तिथं आधीच चौघं.
एकजण म्हापशाच्या हॉटेलातल्या भावाला शिव्या घालतोय,
एक पोरगी निकाल उघडतेय, मिटतेय, उघडतेय,
सोमाण्णाचा नातू स्कोर बघतोय,
आणि एक बाई, काही न बोलता,
नुसती ऐकतेय.
चौघांची तोंडं कठड्याकडे,
आपलं आपल्याला पुरावं म्हणून.

हे प्रस्तावात नव्हतं.
नकाशा काढणाऱ्यालाही ठाऊक नसणार.
मी माझा नंबर येईस्तो थांबते.
खाली मे महिन्याचा ओढा, दगडांतून बारीक.
कुणी पाय बदलला की
फळी निराळी वाजते.

बासष्ट टक्के गेलं. मग अडकलं.

मागून सातेरीअक्का, डोक्यावर अर्धा फणस,
बहिणीकडं निघालेली.
"सर गे बाय, वाट सोड."

मी टॅब पोटाशी धरते
आणि कठड्याला चिकटते.