घमेलं

एप्रिलची दुपार. कूलरच्या वाळ्यावर तांब्याने पाणी मारून
मी सहावी 'ब'चे पेपर घेऊन बसते.
प्रश्न चौथा, गुण पाच :
ऊरचा राजा उर-नम्मू थोर का ठरला?

सदतीस पोरांनी पाठ केलेलं उतरवलंय.
कालवे खणले. तट बांधला.
वजनंमापं एकसारखी केली, कायदा लिहून ठेवला,
चंद्रदेवाचं पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ उभारलं.
एकाने कालव्यात अंबाझरीचं पाणी सोडलंय.
दोघांनी ऊर म्हणजे छाती समजून
त्याला छातीचा राजा केलंय.
तिथे लाल पेन माझ्याने चालेना.

अडतिसावा पेपर सुगंती धुर्वेचा.
पत्ता : वर्धा रोडची सतरा मजली इमारत,
म्हणजे तिच्या पायथ्याची पत्र्याची खोली,
इमारत पुरी होईस्तोवर.

तिचा मुद्दा एकच.
राजाने डोक्यावर घमेलं घेतलं.

चित्र मीच दाखवलं होतं, मोबाइलवर, वर्गभर फिरवून :
वीतभराहून थोडा उंच, तांब्याचा माणूस,
दाढी नाही, मुकुट नाही, अंग उघडं,
दोन्ही हात वर, डोक्यावर मातीची टोपली.
असे पुतळे देवळाच्या पायात पुरत.
वरून विटा, विटांवर विटा.
देवाने तेवढे पाहायचे, माणसांनी नाही.
हे सांगताना माझाच आवाज जरा भरून आला होता.

पण सुगंतीने खाली पट्टीने रेघ मारून पुढे लिहिलंय :
"घरी सांगितलं तर माय म्हणे,
एक दिवस तं कोणीबी उचलते वं.
भूमिपूजनाले साहेब आले होते,
त्याइनंबी उचललं, झेंडूचे फुलं भरलेलं.
दुसऱ्या दिवशी आला होता का तुया राजा?
विचार तुया मॅडमले."

फुलवंता धुर्वे. पालकसभेला येऊन गेली ती,
बाक रिकामे असून उभीच राहिली.
चुंबळ मुठीत. टाळूवरचे केस
रुपयाएवढ्या जागेत झडलेले.
म्हणाली, स्लॅब झाली आता, बुटीबोरीले काम लागलं,
जूनमध्ये पोरीची टीसी भेटन का?

त्या कायद्याच्या आरंभी राजा म्हणतो :
पोरक्याला मी धनवंताच्या हाती दिलं नाही,
विधवेला बळवंताच्या,
एका शेकेलच्या माणसाला एका मीनाच्या माणसाच्या हाती दिलं नाही.
साठ शेकेलांची एक मीना.
चार हजार वर्षांपूर्वी कुणालातरी हे
ओल्या मातीत कोरून ठेवावंसं वाटलं,
एवढ्यावर मी आजवर त्याला पैकीच्या पैकी देत आले.
त्या पोरक्याचं म्हणणं कोरलेली वीट
मी तरी वाचलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आला होता का?
माहीत नाही, फुलवंताबाई.
पुस्तकात पहिलीच वीट असते.

उत्तरसूचीप्रमाणे तिला एक गुण.
तो लिहिते. खोडते. पेन्सिलीने तीन लिहिते,
मग साडेतीन, आणि अर्ध्याची लाज वाटून
पेपर गठ्ठ्याच्या तळाशी सारते.

तेवढ्यात लाइट जाते. कूलर थरथरून गप्प होतो.
त्याच्या आवाजाखाली इतका वेळ दबलेला
पलीकडच्या प्लॉटवरचा मिक्सर आता ऐकू येतो,
डिझेलवरचा, या उन्हात,
आणि त्याच्याशी बांधलेली
घमेली रिकामी होण्याची लय.
मी मोजायला लागते.
चाळीसनंतर चुकते.