कोरा लॅपटॉप

घोडेगावच्या पुढे वजनकाट्यावर नेट येत नाही,
हे साळुंख्यांनी फोनवर तीनदा सांगितलं.
म्हणजे लागेल ते सगळं इथूनच भरून न्यायचं,
मीठसुद्धा.

नळ स्टॉपला पोह्यांची गाडी लागायला अजून चार तास.
वरच्या मजल्यावर मी, आणि एसी बंद.
आधी क्लीन म्हणते.
टूल मुकाट्याने कालचं सगळं पुसतं.
मग बिल्ड. काळ्या पडद्यावर ओळी पळू लागतात:
हे आणलं, ते आणलं, त्याला लागणारं तेही आणलं.
तारखांची एक लायब्ररी, तिला हवी दुसरी,
दुसरीला तिसरी,
जी फिनलंडच्या कुणा माणसाने
दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिली आणि सोडून दिली.
त्याच्यावाचून आपल्या कांद्याच्या ट्रकची
पावती निघत नाही.
त्याला कुणी कळवलंय का?

चाचण्या दोनशे चौदा, पास दोनशे चौदा.
एकसष्ट एमबीचं एकच गाठोडं,
वर नाव, आकडा, टिंब, आकडा.
हिरवी अक्षरं म्हणतात, झालं.

माझा हिरव्यावर विश्वास नाही.
कपाटातून जुना लॅपटॉप काढते, फॉरमॅट केलेला,
ज्याला मी ठाऊक नाही, ऑफिस ठाऊक नाही.
वायफाय तोडते, गाठोडं सोडते.
तो म्हणतो, फाइल सापडली नाही:
डी ड्राइव्ह, शाल्मली, फायनल, फायनल दोन, पावती.

शाल्मलीला जाऊन अडीच वर्षं झाली.
बाणेरला आहे, मोठ्या कंपनीत.
जाताना केक कापला, खुर्ची मला दिली,
मशीनही तिचंच.
इतके दिवस प्रत्येक बिल्ड
गुपचूप तिच्या दारी जाऊन पावती मागून आणत होतं
आणि मी छातीठोकपणे सांगत होते,
माझ्याकडे तर चालतं.

फाइल उघडली. तळाशी तिने चाचणीला घातलेला ट्रक:
माल, गाभुळलेल्या चिंचा.
वजन, जरा जास्तच.

एकटीच हसले. लिफ्टपाशी वॉचमन खोकला.

पावती आत घेतली, रस्ता बदलला,
शेवटचा आकडा एकने वाढवला.
चिंचांचा ट्रक पुसणार होते,
मग कॉमेंटमध्ये उभा केला.
तिथे तो कुणाच्या वजनात धरला जात नाही.

वाकडेवाडीहून सहाची एसटी.
कोरा लॅपटॉप दोन मिनिटं गप्प,
मग छापतो: शून्य किलो.

बरोबर आहे.
काट्यावर अजून कुणी आलेलं नाही.