अतिथी

सरकारी कागदावर माझं पद : अतिथी शिक्षक.
म्हणजे तासिकेवर पैसे,
दिवाळीच्या सुट्टीचे शून्य,
आणि मे महिन्यात मी कुणीच नाही.

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये
करमळकर बाईंनी कौतुकानं विचारलं,
"इंदूरात राहून इतकं स्वच्छ मराठी!
डोंगरे म्हणजे कोकणातले का?"
म्हटलं, नाही, भंडाऱ्याकडचे.
आजेसासरे मालवा मिलमध्ये साच्यावर होते.
"अच्छा," त्या म्हणाल्या,
आणि जिरावणाची पुडी पोह्यांवर
झटकत राहिल्या बराच वेळ,
रिकामी झाली तरी.

कुणी काही बोललं नाही. इथं कुणी बोलत नाही.
फक्त सोमवारी कपाटात एक स्टीलचा पेला आला,
बुडाला नेलपॉलिशचा ठिपका.
"हा तुमचा हं. घोटाळा नको."
लाल खूण कशाखाली करतात
ते मला कळतं.
वह्या तपासते मी.

सर्वेक्षणाला मात्र मलाच धाडतात,
पाटनीपुऱ्यात, परदेशीपुऱ्यात, दुपारी दोनच्या उन्हात,
लोकांच्या जातीचा रकाना भरायला.
लोक खुर्ची पुसून देतात, तांब्याभर पाणी देतात,
त्यांच्याच तांब्यातलं.
माझं नाव विचारत नाहीत.
हातात फॉर्म असेतोवर मी सरकार असते.

मानधन तीन महिन्यांचं तुंबलंय.
प्राचार्य म्हणतात, पोर्टल बंद आहे.
मीही दूधवाल्याला तेच सांगते, पोर्टल बंद आहे भैया,
आणि तो बिचारा मान डोलावतो.

तरी साडेदहाला हजेरी घेते.
आडनावं गाळते.
पटावर आहेत ती. मी नुसती वाचत नाही.
दीपेश. महक. तन्वीर. रोशनी.
काजल दोन आहेत, म्हणून
एक खिडकीजवळची काजल, एक दाराजवळची.
तपासणीला आलेले साहेब म्हणाले, पूर्ण नाव का घेत नाही?
म्हटलं, सर, तासिका चाळीस मिनिटांची.
वेळ वाचतो.

काल दोघींनी जागा बदलल्या.
"खिडकीजवळची काजल?"
"हजर!" ओरडली
परवापर्यंत दाराजवळ बसणारी,
आणि अख्खा वर्ग खिदळला.
मीही.
पेन पटावर टेकलेलं,
आणि कुणापुढे खूण करायची
क्षणभर मला
खरंच कळेना.