ऐंशीव्या मिनिटाला

दोन-शून्य. ऐंशीवं मिनिट.
मी उठलो.
बुडाखालचा पेपर घडी करून खिशात घातला,
शेंगांची टरफलं झटकली
आणि शेजारच्या गणपा कुंभोजकराला म्हणालो,
"दळण पडलंय गिरणीत. जातो."
त्यानं मान वळवली नाही.
हरत्या तालमीचा माणूस उठून चालला
की त्याच्याकडं बघायचं नसतं.

बाहेर उन्हात लूना, वडापावचा गाडा,
बक्षिसाची ढाल घेऊन आलेला टेम्पो.
सातव्या किकला आत काहीतरी फुटलं.
लूना नव्हे. आख्खं स्टेडियम.
म्हटलं, तीन-शून्य. बरं झालं उठलो.
पण गेटवर इलाही मुजावर, पलीकडच्या पेठेचा,
चिंच चावल्यासारखं तोंड करून बसलेला.
"तुमचा झाला," म्हणाला. "इंगवल्याच्या पोरानं. टकुऱ्यानं."

"आत सोड."
"भाईर पडला, तिकीट संपलं."
"इलाही, तुझ्या पोरीच्या लग्नाला
अडीच पोती गहू फुकट दळून दिलाय."
"व्हय की. आणि सात माणसं जेवून गेलासा. फिटलं."

मग मी फटीला डोळा लावला.
दिसत होता कोपऱ्यातला झेंडा,
स्ट्रेचरवर बसून बिडी ओढणारा एकजण
आणि पाठी, पाठी, नुसत्या पाठी.
मग डोळा काढला, कान लावला.
अडतीस वर्षं चक्कीपुढं उभा आहे मी.
डोळे मिटून सांगतो, पाळ्यात ज्वारी पडली का गहू,
दगडाला टाकी कधी लावायची,
कोण ओलं धान्य घेऊन आलंय.
आता ऐकलं:
आवाज आधी भरड, मग बारीक,
बारीक होत होत बंद.
म्हणजे फ्री किक.
कुणीतरी नागोबाचं नाव घेतलं, ते मला इथवर आलं.
आणि मग पोतं उसवावं तसा
आवाज भळाभळा गेटवरून सांडला.
दोन-दोन.
इलाहीनं स्टुलावरून शिट्टी उचलली, परत ठेवली.
"जादा वेळ किती दिलाय?" त्यानं मला विचारलं.
मला. गेटाबाहेरच्या माणसाला.

दोघं एकाच फटीला कान लावून उभे राहिलो.
त्याच्या दाढीला अत्तराचा वास, माझ्या भुवयांवर पीठ.
आत पावलं पळत होती,
पाच-सहा हजार माणसांनी एकदम श्वास घेतला,
आणि तो सोडला तेव्हा
कुणाचा गोल, मला खरंच कळेना.
इलाहीला कळला.
त्यानं कडी काढली.
"जावा आता. कसला आलाय नियम."

आत गणपा एका चपलेवर नाचत होता.
ज्याच्याशी तीन वर्षं बोलणं बंद, त्या तडवळकराच्या
गळ्यात पडून रडत होता.
वर कुठल्या तरी गॅलरीतून हळदीचा पिवळा ढग उतरला.
नव्वदीचे बाळू तात्या तेवढे
कानातलं मशीन हातात घेऊन शांत बसलेले,
म्हणाले, "सहन हुईना, म्हणून काढलं."
गणपानं मला बघितलं. "बघिटलास?"
"बघितला की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गिरणीत, पिठाच्या फरशीवर,
गणपा बोटानं तो तिसरा गोल काढत होता.
गोलकीपर म्हणून पावशेराचं वजन,
डिफेन्सला तीन सुपारीची खांडं.
"हितनं असा उजव्या पायानं..."
"डाव्या," मी म्हणालो.
"पोस्टला लागून आत गेला."
का म्हणालो, देव जाणे.
गणपा थांबला. डोळे मिटले. म्हणाला,
"व्हय रं. डाव्याच."
बाकीच्यांनीही माना हलवल्या.
तडवळकरानं तर पोस्टचा आवाज काढून दाखवला.

मान वर केली तर दारात इलाही,
खांद्यावर ज्वारीची पिशवी.
किती वेळ उभा होता कोण जाणे.
मी गुपचूप पिशवी घेतली, वजन केलं,
पैसे नकोत म्हणून हात हलवला.
तो त्या पिठातल्या डाव्या पायाकडं बघत राहिला.
मग म्हणाला,
"बारीक दळा."